वाचकांचे प्रश्न : इंग्लंडमधल्या खेड्यातलं चर्च

प्रश्न : लेक-जावई इंग्लंडमध्ये एका खेड्यात राहतात. तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये पाद्र्यांच्या नावांचा फलक तेराव्या शतकापासून सुरू होतो. चर्चही तेव्हाचंच समजायचं का?

उत्तर : तसं समजू नका. असे फलक बहुधा बिशपच्या नेमणूक-नोंदींवरून करतात, आणि या नोंदी पद्धतशीर ठेवायला सुरुवातच तेराव्या शतकात झाली. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या देशभरच्या मोजदादीत, गावापुढे चर्च किंवा पाद्री लिहिलेला असेल, तर इतिहास तितका मागे जातो. उल्लेख नसला तर मात्र काहीच ठरत नाही, कारण ती पाहणी जमीनजुमला आणि उत्पन्नाची होती.

खरा पुरावा भिंतींत असतो. आधी बाहेरून फेरी मारा. अर्धगोल कमानी साधारण ११९० च्या आधीच्या, बहुधा नॉर्मन, म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या धाटणीच्या. अरुंद, टोकदार खिडक्या तेराव्या शतकातल्या. दगडी जाळीची वळणदार नक्षी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, आणि सरळ उभ्या पट्ट्यांच्या रुंद खिडक्या त्यानंतर सुमारे १५३० पर्यंतच्या. पण खिडकीवरून भिंतीचं वय ठरवू नका; उजेडासाठी जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं नेहमीचंच होतं. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर, आताच्या छपराच्या वर तिरकी रेघ दिसली, तर पूर्वीचं छप्पर जास्त उंच होतं. आत वेदीकडच्या कमानीशेजारी, भिंतीत उंचावर, कुठेच न उघडणारं दार दिसेल. तिथून क्रुसाच्या मूर्तीपुढच्या लाकडी सज्जावर जात. सोळाव्या शतकात इंग्लंडचं चर्च पोपपासून वेगळं झालं, त्या धर्मसुधारणेत आधी मूर्ती गेल्या, मग १५६१ च्या हुकमाने सज्जेही उतरवले गेले.

सगळ्यात जास्त फसवतो तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातला जीर्णोद्धार. कडा धारदार, दगड एकसारखे आणि दार अगदी नॉर्मन वळणाचं, असं दिसलं तर शंका घ्या. त्या कामांत जुना गिलावा खरवडताना मध्ययुगीन भित्तिचित्रंही गेली. ती आता परत येणार नाहीत. याच खरवडण्याविरुद्ध कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. परगण्याच्या अभिलेखागारात या कामांची परवानगीपत्रं मागा. सोबत नकाशे असतील तर जुनं काय आणि नवं काय, ते तिथेच कळतं.

प्रश्न : त्याच चर्चच्या रजिस्टरात एका जोडप्याचं लग्न एप्रिल १६९९ मध्ये आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६९९ मध्ये लिहिला आहे. नोंद चुकली का?

उत्तर : नोंद बरोबर आहे. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०० चा. उतरवताना १६९९/१७०० असं लिहा. रजिस्टरं ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. पण १५९८ मध्ये जुन्या कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरवायला सांगताना १५५८ पासूनच्या नोंदींवर भर दिला, म्हणून पुष्कळ ठिकाणी आधीची वर्षं सापडत नाहीत. पान फाटलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल पाहा. १६४२ मध्ये सुरू झालेली राजा आणि संसद यांच्यातली यादवी आणि त्यानंतरच्या राजाविना काळात, म्हणजे १६६० पर्यंत, तीही सहसा मिळत नाही.