घुमतो खूप, पण खोल बेस नाही

प्रश्न : दहा इंची वूफरसाठी (बेसच्या स्पीकरसाठी) १८ मिमी प्लायचा, आतून ५० लिटरचा खोका केला. १० सेंमी आतल्या व्यासाचा, १५ सेंमी लांब पीव्हीसी पाइप बसवला. नुसतं घुमतं. अँप्लिफायर बदलू का?

उत्तर : अँप्लिफायरवर पैसे घालू नका, पाइप आखूड आहे. या मापांत खोका साधारण ४६ हर्ट्झला (आकडा जितका कमी, तितका स्वर खोल) जुळतो; त्याखाली आवाज झपाट्याने पडतो. ३० हर्ट्झसाठी पाइप ४५ सेंमी हवा. सरळ मावत नसेल तर एल्बो लावा, पण आतलं तोंड भिंतीपासून १० सेंमी तरी लांब ठेवा. साडेसात सेंमी व्यासाचा पाइप २४ सेंमीत भागतो खरा. मात्र आवाज वाढवला की फसफसतो. ३० च्या खाली वूफरचा पडदा (कोन) मोकाट हलतो, म्हणून २५ हर्ट्झचा सबसॉनिक फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावाच.