मुंबईत निम्मे लोक मतदानाला का जात नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईकरांना राजकारणाचं काही पडलेलं नाही का, निम्मे लोक घरी का बसतात, आणि जे जातात ते मत कशावरून ठरवतात? शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्ही स्वतः दादरहून नालासोपाऱ्याला राहायला गेलात आणि गेल्या वेळी मत दिलं नाही.

मी पालिकेच्या शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं परळ-शिवडीकडच्या एका यादी भागाची बीएलओ (बूथ लेव्हल ऑफिसर) आहे. म्हणजे मतदार यादी घेऊन घरोघरी फिरते, नावं तपासते, स्लिपा वाटते. कोण कुणाला मत देतो हे मला कळत नाही, कळूही नये. पण कोण येतं आणि कोण येत नाही, हे जवळून दिसतं. माझं उत्तर त्यावरून आहे. मुंबईत मत द्यायचं की नाही, हे मनापेक्षा पत्त्यावर जास्त ठरतं.

आधी टक्केवारीचं बघू. 20 मे 2024 ला लोकसभेसाठी दक्षिण मुंबईत साधारण 50 टक्के मतदान झालं, उत्तर मुंबईत 57 च्या आसपास. हे टक्के यादीतल्या नावांवर निघतात, तिथे खरोखर राहणाऱ्या माणसांवर नाही. आमच्याकडची एक जुनी चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. जागेभोवती पत्रे ठोकलेत, आत क्रेन उभी आहे. यादीत मात्र ती चाळ खोली नंबरांसकट जशीच्या तशी आहे. बिऱ्हाडं बिल्डरकडून भाडं घेऊन कुणी विरारला गेली, कुणी डोंबिवलीला, कुणी ट्रान्झिट कॅम्पात. नवी इमारत झाली की परत यायचंच आहे म्हणून कुणी नाव हलवत नाही. मतदानाच्या दिवशी विरारहून लहान मूल घेऊन परळला यायचं आणि उन्हात रांग लावायची, हे काहीजण करतात. सगळ्यांना जमत नाही. आकड्यात मात्र हे सगळे ‘उदासीन’ म्हणून मोजले जातात, आणि ते मला पटत नाही.

मयतांचंही तसंच. नाव कमी करायला फॉर्म 7 भरावा लागतो. एका घरी मुलाने आईच्या मृत्यूचा दाखला आणून दिला, पेन हातात घेतलं आणि म्हणाला, “बाई, राहू द्या ना, पुढच्या वेळी बघू.” मी आग्रह केला नाही. अशी नावं प्रत्येक यादीत असतात.

लग्न होऊन आलेल्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत असतं आणि सासरी ते हलवायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. सासऱ्यांचं, दिराचं, नवऱ्याचं नाव असतं, तिचं नसतं. विचारलं की सासूबाई सांगतात, “करू, घाई काय आहे?” गावाकडची ओढ हे आणखी एक कारण. कोकणातल्या कितीतरी लोकांनी नाव गावीच ठेवलंय. दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. 2024 ला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान 7 मे रोजी होतं आणि मुंबईचं 20 मे रोजी. शाळांना सुट्टी, आंब्याचा हंगाम. गावचं मत देऊन लोक तिथेच थांबले. मुंबईत नाव असलेलेही बरेच जण गावीच होते.

आता उलट बाजू. झोपडपट्टीतली माणसं इतक्या नेमाने मत का देतात? याचं उत्तर मला एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, कागदांत सापडलं. पुनर्वसनात घर मिळायला कोण पात्र, हे ठरवताना पूर्वी 1 जानेवारी 1995 ची मतदार यादी बघत असत. पुढे ती तारीख 1 जानेवारी 2000 झाली. जुन्या यादीत नाव म्हणजे तुम्ही तेव्हा इथे राहत होता याचा पुरावा, आणि तो पुरावा म्हणजे डोक्यावरचं छप्पर. ज्या कुटुंबाने त्या यादीची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलीय, ते कुटुंब मतदान चुकवत नाही. मत दिलं नाही तर नाव कापतात, असं तिथे अनेकांना वाटतं. तसं होत नाही, मी दर वेळी सांगते. तरी ते येतात. सकाळी दोन घरची धुणीभांडी उरकून, दुपारी बाकीच्या कामांच्या मधल्या वेळात रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका मी बघते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 ब नुसार मतदानासाठी पगारी सुट्टी मिळायला हवी, रोजंदारीवाल्यांनाही. पण घरकाम करणारीला ती कोण देतो?

टॉवरचं चित्र वेगळं आहे. गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, वॉचमन इंटरकॉमवर विचारणार, आणि वरून निरोप येणार, “स्लिपा खाली ठेवून जा.” संध्याकाळी त्या तशाच टेबलावर असतात. यात वाईट वागणं काही नाही. त्या घरांचं पाणी टँकरने येऊ शकतं, वीज गेली तर जनरेटर आहे, दवाखाना खासगी, शाळा खासगी. नगरसेवक बदलला म्हणून सकाळी काही बदलत नाही. नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला कुलाब्यात 44 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि भांडुपमध्ये 60 च्या वर, यामागे मला हेच दिसतं. राग नसतो असंही नाही. 26/11 नंतर गेटवेला केवढा जनसमुदाय जमला होता! पाच महिन्यांनी, 30 एप्रिल 2009 ला, लोकसभेचं मतदान आलं तेव्हा मुंबईत 41 टक्क्यांच्या आसपासच लोक आले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. 2024 पासून काही मोठ्या सोसायट्यांच्या आवारातच मतदान केंद्रं दिली आहेत, ते चांगलं झालं. वृद्ध माणसांसाठी तर फारच.

दुसरं मोठं कारण म्हणजे बोलावणारं कुणीतरी असणं. चाळीत पक्षाच्या शाखेची मुलं, गणपती मंडळाची मुलं दुपारी यादी घेऊन दारात येतात: काकू, तुमचं राहिलंय, चला. शेजारीण बोटाची शाई दाखवते. अमेरिकेत मिशिगनमध्ये 2006 साली संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही घरांना पत्र पाठवलं, त्यात त्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी आधी मत दिलं होतं की नाही याची नोंद होती, आणि पुन्हा कळवू असंही लिहिलं होतं. पत्र न मिळालेल्यांत 29.7 टक्के मतदान झालं, हे पत्र मिळालेल्यांत 37.8. आपल्याकडे सामायिक गॅलरीत तसल्या पत्राची गरज पडत नाही. फ्लॅटचं दार बंद झालं की विचारणारं कुणी उरत नाही, मग माणूस तोच असला तरी.

मत कशावरून ठरतं, हे मी फक्त ऐकलेल्यावरून सांगू शकते. जात, धर्म, भाषा आहेतच, नाही म्हणणं खोटं ठरेल. मराठी माणसाचं या शहरात काय होणार, ही चिंता आमच्या भागात खरी आहे आणि गिरण्या गेल्यापासून ती जास्तच खोल गेलीय. पण एकच घर खासदारासाठी एक विचार करतं आणि नगरसेवकासाठी दुसरा. पालिकेला लोक माणूस बघतात: पाण्याचा प्रेशर कुणी वाढवून दिला, शौचालयाचं दार कुणी बसवलं, रात्री दोनला अॅम्ब्युलन्सला फोन कुणी केला. मार्च 2022 ते जानेवारी 2026 या काळात पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हा लोकांना कळलं की तक्रार घेऊन ज्याच्या दारात जायचं ते दारच नाही. पूर्वी घरातला कर्ता सांगेल तिकडे सगळी मतं जायची. आता बायका गप्प बसतात आणि आपलं आपण ठरवतात. लाडक्या बहिणीचे महिन्याचे 1500 रुपये त्यांच्या खात्यात यायला लागल्यापासून तर हे मी उघड बोललेलं ऐकलंय. आदल्या रात्रीच्या पाकिटांबद्दलही ऐकते. “घेतलं तरी मशीनसमोर मी एकटीच असते,” असं एक बाई म्हणाल्या. पाकिटं वाटली जातात याची मला चीड येते, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

एका मताने काय होतं, असं तुम्हीही विचारलंय. 2024 ला मुंबई उत्तर पश्चिमचा खासदार 48 मतांनी ठरला, आणि तिथे नोटाला, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’ला, पंधरा हजारांवर मतं होती. 2017 च्या पालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना सारखीच मतं पडली, शेवटी चिठ्ठी काढावी लागली. त्या प्रभागात घरी बसलेला कुणीही एक माणूस निकाल फिरवू शकत होता.

आता तुमचं. नालासोपाऱ्याला राहता तर दादरला नाव ठेवू नका. नाव नव्या पत्त्यावर हलवायला फॉर्म 8 भरा, ऑनलाइन होतो. पत्त्याला लाइट बिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. विधानसभा-लोकसभेला उमेदवारांनी अर्ज भरण्याच्या मुदतीच्या आसपासपर्यंत नावं घेतात, पण शेवटच्या दिवसांत गर्दी होते आणि अर्ज अडकतात. पालिकेचं आणखी कडक आहे. तिथे विधानसभेचीच यादी वापरतात, पण एका ठरलेल्या तारखेची. जानेवारी 2026 च्या निवडणुकीला ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्यानंतर नाव घातलेल्या तरुण मुलांना मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत जावं लागलं. त्यामुळे निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका, याच महिन्यात करा. आणि बायकोचं नाव अजून माहेरच्या यादीत असेल, तर तिचाही फॉर्म त्याच वेळी भरून टाका.