प्रश्न तुमचे: अ‍ॅडमिन पासवर्ड न वाटता डीटीपी

आमच्या रामबागेतल्या छापखान्यात तीन ऑपरेटर एकाच मशीनवर, आपापल्या लॉगिनने पेजमेकर ७ हे पाने मांडायचे सॉफ्टवेअर वापरतात. एकाने बदललेली सेटिंग दुसऱ्याला दिसत नाही. तिघांनाही अ‍ॅडमिन (मशीनचे सर्व हक्क असलेले) करून टाकू का?

कृपया करू नका. पेजमेकर ७ हे २००१ सालचे. त्या काळी विंडोजवर बहुतेक जण अ‍ॅडमिनच असत, म्हणून सॉफ्टवेअरे आपल्या सेटिंग थेट प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरात लिहीत. विंडोज व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही. मग विंडोज अशा जुन्या सॉफ्टवेअरची फाइल परस्पर त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये, लोकलखालच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात ठेवते. तिघांच्या तीन प्रती होतात त्या अशा.

व्हर्च्युअलस्टोअर उघडून पाहा, कोणती फाइल अडते ते तिथेच कळेल. मग अ‍ॅडमिन लॉगिनने प्रोग्रॅम फाइल्समधल्या मूळ फाइलच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटीत जाऊन ऑपरेटरांना मॉडिफाय परवानगी द्या. अख्ख्या फोल्डरला मुळीच देऊ नका. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर लागतात. एखादा व्हायरस प्रोग्रॅमच्या फाइलीच बदलून टाकेल. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रती दुसरीकडे हलवा. विंडोज आधी त्याच वाचते, त्यामुळे हे राहिले तर परवानगी देऊनही काहीच बदलणार नाही.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी फॉन्ट टाकला, सहकाऱ्याच्या लॉगिनला मात्र तो नाही. आम्हा दोघांकडेही अ‍ॅडमिन हक्क नाहीत.

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट अ‍ॅडमिनशिवाय टाकता येतो, पण तो फक्त तुमच्यापुरता. सर्वांसाठी टाकायला अ‍ॅडमिन लागतोच. तुम्ही इनडिझाइन (अ‍ॅडोबीचे पाने मांडायचे सॉफ्टवेअर) वापरत असाल तर अंकाच्या फाइलीशेजारी ‘डॉक्युमेंट फॉन्ट्स’ नावाचे फोल्डर करा, नाव इंग्रजीत, आणि फॉन्ट त्यात ठेवा. ती फाइल उघडली की फॉन्ट आपोआप मिळतो, टाकावा लागत नाही. फोल्डर फाइलीबरोबर न्यायला विसरू नका. फॉन्टच्या परवान्यात असे वाटप चालते का, हे मात्र आधी पाहा.

कॉलेजच्या लॅबमध्ये इनडिझाइनच्या प्रत्येक अपडेटला मुले माझ्याकडे पासवर्ड मागतात.

अ‍ॅडोबीच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये (संस्थेचे परवाने सांभाळायच्या वेबसाइटवर) पॅकेज बनवताना अ‍ॅडमिन नसलेल्यांनाही अ‍ॅप टाकू व अपडेट करू देण्याचा पर्याय असतो. तो निवडा आणि पॅकेज प्रत्येक मशीनवर एकदा अ‍ॅडमिन लॉगिनने चालवा. घरी सराव करणाऱ्यांना स्क्रायबस हे पाने मांडायचे सॉफ्टवेअर सुचवा. ते मोफत आहे, आणि १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरेही नीट जुळतात.