सीए १९-९ चा आकडा आणि केमो : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला आहे. घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे आणि ती लागू पडतेय की नाही हे रक्ताच्या रिपोर्टवरून, मुख्यतः सीए १९-९ या गाठीशी जोडलेल्या द्रव्याच्या आकड्यावरून, कळेल का, असं अनेकांनी विचारलंय. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं काढली आहेत. उत्तरं सदरातले कर्करोगतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत.

वडील (नाना) ६३ वर्षांचे, स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात गाठ. कावीळ होती तेव्हा सीए १९-९ होतं २१४०. स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकल्यावर तीन आठवड्यांनी ६१० आलं, मग केमो सुरू झाली. दोन महिन्यांनी घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर ७८०. डॉक्टरांना अजून दाखवलेलं नाही. नाना म्हणतात, आता केमो बंद करा. काय करावं? — लातूर

बंद करू नका. तुम्ही दिलेले तीन आकडे एकमेकांशी ताडून बघण्यासारखे नाहीत, म्हणून आधी त्यांचा हिशेब लावू.

सीए १९-९ गाठीच्या पेशींतून रक्तात येतं, पण पित्तनलिकेच्या निरोगी अस्तरातूनही ते थोडं तयार होतं. पित्ताची वाट तुंबली की ते रक्तात साठतं. नेहमीची मर्यादा ३७ युनिट प्रति मिली. नुसत्या खड्याने कावीळ झाली, तरी आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. म्हणजे २१४० मधलं गाठीचं किती आणि तुंबलेल्या पित्ताचं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. तो आकडा हिशेबातून काढून टाका. २१४० वरून ६१० झालं ते स्टेंटमुळे, केमो तेव्हा सुरूच झाली नव्हती.

खरा पाया म्हणजे कावीळ उतरल्यावर, पहिल्या केमोच्या अगदी आधी घेतलेला आकडा. ६१० च्या दिवसाचा लिव्हरचा रिपोर्ट फाइलमध्ये असेल, तो काढा. एकूण बिलीरुबीन (कावीळ किती आहे ते दाखवणारं द्रव्य) २ च्या खाली असेल, तर ६१० हा पाया धरता येईल. ते ४-५ असेल, तर ६१० सुद्धा फुगलेला आहे.

आता ७८०. हा दुसऱ्या लॅबचा आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर त्याच रक्ताचा आकडा बराच वेगळा येऊ शकतो. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात तपासणीची पद्धत लिहिलेली असते. दोन्ही रिपोर्टवर ती वेगळी असेल, तर ६१० आणि ७८० ची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

तिसरी शंका स्टेंटची, आणि आमच्या मते सगळ्यांत आधी तीच तपासायला हवी. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबायला लागतो, धातूचा जास्त टिकतो. अर्धवट तुंबला की डोळे पिवळे दिसायच्या आधीच सीए १९-९ चढू शकतं. सोबत थंडी वाजून ताप, गडद लघवी किंवा अंगाला खाज असेल, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. केमो चालू असताना पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो.

तेव्हा पुढच्या सायकलच्या आधी, जिथे ६१० आलं होतं त्याच लॅबमध्ये नमुना द्या. त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणीही करा. उपाशीपोटी जायची गरज नाही. नाना केस-नखांसाठी बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्या घेत असतील, तर लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही मशीनवर बायोटिनमुळे हा आकडा खोटाच कमी येतो.

मोठ्या चाचण्यांत असं दिसलंय की पहिल्या आठ आठवड्यांत ज्यांचा आकडा उतरला, ते सरासरीने जास्त जगले. निम्म्यावर येणं चांगली खूण मानतात; तुमच्याकडे ते ३०५ च्या आसपास. उलट, सुरुवातीच्या काही आठवड्यांत आकडा चढून मग उतरलेले रुग्णही आहेत. शेवटी फैसला सीटी स्कॅनचा. दोन महिने झाले आहेत, म्हणजे त्याची वेळ आलीच आहे. जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या, रेडिओलॉजिस्टला गाठीची मापं शेजारी ठेवून बघता येतात.

आईची बायोप्सी कॅन्सरची आहे, लिव्हरमध्येही गाठी आहेत. पण सीए १९-९ फक्त १.८ आलं. पाहुणे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, उगाच केमो कशाला देता? — परभणी

बायोप्सी खरी मानायची. हे द्रव्य तयार करायला एक विशिष्ट जनुक चालू लागतं. रक्तगटाच्या भाषेत ज्यांना लुईस-निगेटिव्ह म्हणतात, अशा सुमारे ५ ते १० टक्के लोकांत ते चालूच नसतं. त्यांच्यात गाठ कितीही वाढली, तरी आकडा सहसा जवळजवळ शून्यावर राहतो. २ च्या खाली रिपोर्ट आला की आधी हीच शंका घ्यायची.

आईंच्या बाबतीत ही तपासणी दर महिन्याला करून पैसे घालवू नका. डॉक्टरांना सीईए आणि सीए-१२५ या अशाच दुसऱ्या रक्ततपासण्यांबद्दल विचारा. सुरुवातीला यांपैकी एखादा वाढलेला असेल, तर पुढे त्याच्यावर नजर ठेवता येते. मात्र पोटात पाणी झालं की सीए-१२५ त्यानेही चढतो. बाकी भिस्त स्कॅनवर आणि तुमच्या वहीवर: दर आठवड्याचं वजन, दुखण्याच्या गोळ्या किती लागल्या, जेवण किती गेलं.

केमो सुरू करण्याआधीच कोणती लागू पडेल हे सांगणारी रक्ततपासणी आहे, असं एका लॅबच्या माणसाने सांगितलं. खर्च मोठा आहे. जमीन गहाण ठेवून करावी का? — बीड

नाही. फोलफिरिनॉक्स (अनेक औषधांची एकत्र केमो) द्यावी की जेमसिटाबीन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही जोडी, हे सगळ्याच रुग्णांसाठी ठरवणारी सर्वमान्य रक्ततपासणी आज नाही. ते ठरतं रुग्णाची ताकद, वय, बिलीरुबीन आणि इतर आजार बघून.

तो माणूस बहुधा रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएबद्दल बोलत असावा. स्वादुपिंडाच्या दहापैकी नऊ कॅन्सरमध्ये केआरएएस या जनुकात बदल असतो, आणि तो रक्तात शोधता येतो. हा डीएनए रक्तात काही तासच टिकतो, त्यामुळे केमोचा परिणाम लवकर दिसेल, या आशेने त्यावर मन लावून संशोधन चाललंय. पण ही गाठ घट्ट तंतुमय ऊतीत अडकलेली असते आणि रक्तात डीएनए कमी सोडते. म्हणून काही सापडलं नाही, याचा अर्थ गाठ नाही असा होत नाही. नमुन्याचाही प्रश्न आहे. रक्त साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत भरून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवलं, तर वाटेत पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा डीएनए हरवतो. त्यासाठी पेशी टिकवणारी खास नळी लागते.

याऐवजी एक तपासणी मात्र जरूर करा: जन्मजात जनुकांची, विशेषतः बीआरसीए १, बीआरसीए २ आणि पीएएलबी २. तिलाही थोडंसं रक्तच लागतं. शंभरातल्या साधारण पाच रुग्णांत बीआरसीएचा दोष सापडतो. ज्यांच्यात सापडतो, त्यांना ऑक्झॅलिप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन असलेली केमो जास्त लागू पडते. अशी केमो किमान १६ आठवडे घेऊन आजार आटोक्यात राहिला, तर पुढे ओलापरिबच्या गोळ्या देता येतात. २०१९ च्या चाचणीत या गोळ्यांनी आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ ३.८ वरून ७.४ महिन्यांवर गेला, एकूण आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. दोष सापडला तर भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यायचं, कारण त्यात स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो. टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळी जनुकीय ओपीडी आहे. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात उपचार चालू असतील, तर तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. खर्चाचं आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, मगच सावकाराकडे बघा.

फोलफिरिनॉक्सच्या आधी यूजीटी१ए१ आणि डीपीवायडी तपासायला सांगितलंय. यावरून केमो लागू पडेल का ते कळतं? — नांदेड

नाही, सोसेल का ते कळतं. फोलफिरिनॉक्समध्ये ही दोन औषधं असतात: पहिल्या तपासणीत इरिनोटेकान शरीराबाहेर टाकण्याची क्षमता दिसते, दुसरीत फ्लुओरोयुरॅसिल मोडण्याची. दोष असून पूर्ण डोस गेला, तर जुलाब, तोंड येणं आणि पांढऱ्या पेशी कोसळणं, सगळं एकदम होतं. म्हणून रिपोर्ट पहिल्या डोसच्या आधी हातात हवा. एरवी तब्येत ठणठणीत असूनही बिलीरुबीन कायम १.५-२ राहणारा कुणी घरात असेल, तर ती यूजीटी१ए१च्या दोषाची खूण असू शकते, म्हणून तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. रिपोर्ट चांगला आला, तरी ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइटच्या वर गेला, की तालुक्याला क्रोसिनवर थांबायचं नाही. जुलाबाच्या गोळ्या किती आणि कशा घ्यायच्या, ते घरी निघण्याआधीच लिहून घ्या.

सीबीसीतल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या गुणोत्तरावरून केमोचा परिणाम कळतो का? — हिंगोली

केमोच्या आधी ते जास्त असेल, तर आजार जोरात असल्याची ती एक खूण आहे. पण ताप, स्टेरॉइड आणि पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन, या तिन्हींनी ते उलटंपालटं होतं. केमोच्या मध्ये ते मोजून काही ठरवू नका.

सहा महिने झाले. सीए १९-९ ९० पर्यंत उतरलं होतं, आता १६०, मग २९० झालं. सीटीत गाठ तेवढीच आहे, बापू जेवतात, शेतावर चक्कर मारतात. औषध बदलायचं का? — धाराशिव

एकाच लॅबमध्ये, बिलीरुबीन नॉर्मल असताना, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सलग दोनदा चढलेला आकडा गंभीरपणे घ्यायला हवा. तरी एवढ्यावर औषध बदलत नाहीत. पुढचा सीटी मात्र अलीकडे ओढून घेतात, आणि त्यात छातीही घ्यायला सांगतात. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक दाणे सीटीत सुटू शकतात, म्हणून पोट फुगतंय का, पट्टा घट्ट होतोय का, हे सांगा. साखर अचानक वाढली असेल तर तेही सांगा, कारण साखर बेताल झाली की हा आकडा थोडा वाढू शकतो.

स्कॅनमध्ये वाढ दिसली, तर फोलफिरिनॉक्सनंतर जेमसिटाबीनवर आधारित औषधं आणि जेमसिटाबीननंतर फ्लुओरोयुरॅसिलवर आधारित औषधं, असा नेहमीचा क्रम असतो. बापूंची ताकद टिकून असताना हे बोलणं व्हायला हवं, त्यामुळे पुढची तारीख लांब असेल तर अलीकडची मागा. जाताना सगळे आकडे तारीख, लॅब आणि त्या दिवशीचं बिलीरुबीन यांसह एका कागदावर उतरवून न्या.