शांत नोकरी, चांगला पगार, पण दिवसभर काम नाही. सोडावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३२, मुंबईतल्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एका खासगी बँकेत रिस्क रिपोर्टिंग, म्हणजे बँकेच्या जोखमीचे आकडे जुळवून कळवायचं काम, नोकरीला ४ वर्षं २ महिने झालेत. हातात महिना १ लाख ३० हजार येतात, डोंबिवलीच्या घराचा हप्ता ४२ हजार. साहेब चांगले आहेत, ओरडा नाही, सहा वाजता सुटका. पण खरं काम दिवसाला दोन तासांचं, बाकी वेळ खुर्ची उबवायची. आई म्हणते, "तुला सुख टोचतंय." आणि तुम्ही विचारताय, सोडू का?

लगेच सोडू नका, पण आहे तसं चालूही देऊ नका. येऊन-जाऊन तीन-साडेतीन तास प्रवास करायचा आणि दोन तासांच्या कामासाठी आठ तास बसायचं, यानं माणूस खरंच दमतो. कामाच्या कमतरतेतून येणाऱ्या या थकव्याला २००७ मध्ये दोन स्विस सल्लागारांनी 'बोअरआउट' असं नाव दिलं. जून २०२० मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयानं एका खटल्यात कर्मचाऱ्याला असं रिकामं बसवून ठेवणं हा मानसिक छळाचाच भाग धरला. तेव्हा हे तुमच्या मनाचे खेळ आहेत असं समजू नका.

आधी एक गोष्ट तपासा. शनिवार-रविवारी मन ताजं होतं का? मित्र, सिनेमा, क्रिकेट, जे आवडायचं ते अजून आवडतं का? आवडत असेल तर प्रश्न नोकरीचा आहे. सुट्टीतही कशात मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर नोकरीचं नंतर बघू, आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही आहे.

आता नोकरी. "काम नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात: काम थोडं आहे, काम फार सोपं आहे, किंवा केलेलं काम कुणाच्या उपयोगी पडतं का तेच कळत नाही. तिन्हीवरचा उपाय वेगळा, म्हणून अंदाजानं न बोलता मोजा. साधी वही घ्या, ऑफिसचा लॅपटॉप नको. तीन रकाने आखा: वेळ, काय केलं, ते कुणाला लागलं. दहा कामाचे दिवस भरा. रिपोर्टिंगमध्ये महिनाअखेर आणि पुढच्या महिन्याचे पहिले चार-पाच दिवस गर्दीचे असतात आणि मधला काळ कोरडा. म्हणून पाच दिवस गर्दीतले आणि पाच कोरडे घ्या, नाहीतर हिशेब एका बाजूला झुकतो. जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चची अखेर आली तर ती वेगळी नोंदवा.

एका कोरड्या दिवसाचं पान साधारण असं दिसेल: ९:४० ते १०:१५ रात्रीच्या फाइली उघडून आकडे जुळवले. १०:१५ ते ११:३० ट्रेझरीच्या (बँकेचे पैसे गुंतवणाऱ्या विभागाच्या) मेलची वाट. ११:३० ते ११:५० रिपोर्ट पाठवला. १२ ते १ मीटिंग, एकदाही बोलावं लागलं नाही. २ ते ३:१५ काही नाही, एक्सेल उघडं ठेवून बसणं. हे "एक्सेल उघडं ठेवून बसणं" प्रामाणिकपणे लिहा, कारण सगळ्यात जास्त तेच दमवतं. मग बेरीज करा: खरं काम, वाट पाहणं, मुक्या मीटिंगा, दिखावा. आठवड्याच्या ४५ तासांत खरं काम १५ तासांच्या आत असेल तर मी ते 'थोडं काम' धरतो. २५ तास असूनही जीव उबत असेल तर ते 'सोपं काम'. आणि तिसरा रकाना रिकामाच राहत असेल, तर ते तिसरं दुखणं.

वाट पाहण्याचे तास जास्त निघाले तर घाईनं निष्कर्ष काढू नका. त्यामागे चार कारणं असू शकतात. पहिलं, काही जागांचा पगार हजर राहण्याचाच असतो. ऑडिटर आला, रिझर्व्ह बँकेकडून काही विचारणा झाली, बाजार कोसळला, तर त्या क्षणी माहितगार माणूस जागेवर हवा म्हणून बँक पैसे मोजते. तिथे काम वाढवून मागून उपयोग नाही, मधला वेळ आपण वापरायचा. दुसरं कारण म्हणजे तुम्हीच मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) लिहून चार तासांचं काम चाळीस मिनिटांवर आणलंय आणि हे कुणाला सांगितलेलं नाही. तिसरं, ज्या प्रोजेक्टसाठी घेतलं तो आलाच नाही. चौथं, साहेब सगळं स्वतःजवळ ठेवतात. तुमच्या प्रश्नावरून मला दुसरं कारण जास्त वाटतं, पण वही खरं सांगेल.

तिसऱ्या रकान्यासाठी एक सोपी तपासणी आहे. तुमचा रोजचा रिपोर्ट ज्यांना जातो त्यांतल्या तिघांना चहाच्या वेळी विचारा, "यातला कुठला रकाना तुम्ही खरंच बघता?" हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी १९७६ मध्ये मन धरून ठेवणाऱ्या कामाचे पाच गुण मांडले: निरनिराळी कौशल्यं लागणं, काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातात असणं, त्याचा कुणावर तरी परिणाम होणं, मोकळीक असणं आणि ते बरं झालं की वाईट हे कळणं. रिपोर्टिंगमध्ये बहुधा शेवटचा गुणच गायब असतो. मेल जातो, उत्तर येत नाही. तिघांपैकी एकानं जरी सांगितलं की "मी फक्त मर्यादा ओलांडल्याची ओळ बघतो," तरी तुमच्या हाती धागा आला: ती ओळ वर आणा, कालच्या तुलनेत काय बदललं ते दोन वाक्यांत लिहा. कुणीच बघत नसेल तर रिपोर्ट बंद करायचा प्रस्ताव द्या. मात्र नियामकाकडे जाणारं किंवा ऑडिटमध्ये मागितलं जाणारं काही असेल तर त्याला हात लावू नका. आणि "बघू कुणी ओरडतं का" म्हणून परस्पर पाठवायचं थांबवणं, हा प्रयोग तर अजिबात नको.

आता साहेबांशी बोलणं. बहुतेक जण इथेच घसरतात. "सर, मला काम नाही" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. साहेब कितीही चांगले असले तरी पुढच्या बजेटला, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, त्यांना टीममधल्या प्रत्येक खुर्चीचं समर्थन करावं लागतं, आणि त्या वेळी हेच वाक्य त्यांना आठवतं. "मला कंटाळा येतो" हेही नको, त्यावर ते काही करू शकत नाहीत. असं बोला: "सर, रोजचा रिपोर्ट आधी चार तास घ्यायचा, आता चाळीस मिनिटांत होतो. गेले तीन महिने एकही चूक नाही. उरलेल्या वेळात शाखांकडून पीडीएफमध्ये येणारे आकडे आपण हातानं टाइप करतो, ते काम मी सोडवून बघू का? सहा आठवडे द्या, दर शुक्रवारी दहा मिनिटांत दाखवतो." यात वेळ वाचवल्याचा पुरावा आहे, एकच काम आहे, मुदत आहे आणि साहेबांच्या डोक्याला ताप नाही.

काम कुठलं मागायचं ते ऑफिसातच सापडतं. दोन ऑडिटमध्ये तोच शेरा पुन्हा आलाय का ते बघा. कुठल्या मेलच्या साखळीला दर महिन्याला पाच-सहा उत्तरं लागतात, काय हातानं पुन्हा टाइप होतं, कोण रजेवर गेलं की सगळं अडतं, तेही बघा. शेवटच्या जागी तर आधी हात घाला. त्या माणसाला बदली माणूस हवाच असतो, तुम्हाला पूर्ण काम शिकायला मिळतं आणि साहेबांची रजेची चिंता मिटते.

यात बिघडतं काय, तेही ऐका. दुसऱ्या विभागाच्या मालकीचं काम उचललं की तुमचा उत्साह त्यांना ढवळाढवळ वाटते, म्हणून त्यांच्या साहेबांचा होकार मेलवर घ्या. डेटाची परवानगी मागायला उशीर झाला तर सहातले तीन आठवडे त्यातच जातात, ती पहिल्याच दिवशी मागा. ग्राहकांचा डेटा स्वतःच्या मेलवर, पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या एआय टूलमध्ये कधीही टाकू नका. बँकेत यावरून नोकरी जाते, हेतू चांगला होता म्हणून कुणी सोडत नाही. आणि तुम्ही मोकळे आहात हे एकदा पसरलं की चौघांची किरकोळ हमाली तुमच्या टेबलावर येते. त्याला उत्तर ठरवून ठेवा: "शुक्रवारपर्यंत सरांचं काम आहे, त्यांना विचारून सांगतो."

सहा आठवड्यांनंतर साहेबांनी काहीच हलवलं नाही, तर अंतर्गत बदली बघा. बऱ्याच बँकांत सध्याच्या जागेवर ठरावीक काळ, बहुधा दीड-दोन वर्षं, काढल्यावर दुसऱ्या विभागात अर्ज करता येतो. तुमचा तो काळ कधीच उलटला असणार. साहेबांना केव्हा कळवावं लागतं हे एचआरच्या पॉलिसीत आधी वाचा. दुसऱ्याकडून कळलं तर चांगलं नातं विनाकारण खराब होतं.

रिकाम्या वेळात शिकणार असाल, आणि शिकाच, तर कोर्सपासून सुरुवात करू नका. जी नोकरी पुढे हवी तिच्या २० जाहिराती उघडा, मागितलेली कौशल्यं एका कागदावर उतरवा आणि खुणा करा. ज्यावर आठपेक्षा जास्त खुणा पडतील त्यातली वरची दोनच घ्या. तुमच्या क्षेत्रात एसक्यूएल आणि पायथॉन या डेटा हाताळायच्या संगणकी भाषा बहुधा वर येतील. एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर ही परीक्षा) करायचं असेल तर त्याचे दोन भाग आहेत, पहिल्यात चार तासांत १०० प्रश्न आणि दुसऱ्यात चार तासांत ८०. प्रमाणपत्रासाठी लागणारा दोन वर्षांचा अनुभव तुमच्याकडे आहेच. ऑफिसात सलग दोन तास मिळत नाहीत, मध्येच कुणीतरी हाक मारतं, म्हणून धडे चाळीस मिनिटांचे पाडा. शिकलेलं त्याच आठवड्यात कशाला तरी लावलं नाही तर महिन्याभरात विसरतं. ऑफिसचा डेटा मुलाखतीत दाखवता येत नाही, त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचा खुला डेटा घेऊन घरच्या लॅपटॉपवर एक छोटं, पूर्ण काम उभं करा. मुलाखतीत अर्धवट दहा प्रमाणपत्रांपेक्षा ते एक जास्त बोलतं.

रिकाम्या वेळात मोबाइलवर ऑप्शन ट्रेडिंग सुरू करणारे बीकेसीत पुष्कळ दिसतात. कृपा करून करू नका. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या (फ्यूचर्स आणि ऑप्शन्समधल्या) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला होता, एकूण १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. शिवाय बँकेच्या कर्मचाऱ्यावर शेअर व्यवहारांची बंधनं असतात, ती मोडली तर वेगळं प्रकरण. जोडधंद्याचंही तसंच. नेमणूकपत्रात "अन्य नोकरी-व्यवसाय करणार नाही" हे कलम बहुतेकदा असतंच. दुसरीकडून पीएफ भरला गेला तर तो त्याच यूएएनवर (तुमच्या पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) दिसतो. शनिवारी कुठे शिकवायचं असेल तर लेखी परवानगी मागा, अशी परवानगी मिळण्याची शक्यता चांगली असते.

एवढं करूनही सोडायचं ठरलं तर तारीख हिशेबानं काढा. ग्रॅच्युइटीला ५ वर्षं लागतात, तुमचे दहा महिने उरलेत. बेसिक आणि डीए मिळून ६० हजार धरले तर ६०,००० × १५ ÷ २६ × ५, म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार. ही रक्कम सोडून जायची असेल तर नव्या जागी तेवढं वाढवून मिळतंय का ते बघा. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग ५ वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, ट्रान्सफर केला तर आधीची वर्षं मोजली जातात. बोनस खात्यात पडल्यावरच राजीनामा द्या आणि तो परत मागण्याचं कलम आहे का ते आधी वाचा. नोटीस ९० दिवसांची असेल तर नव्या कंपनीला पहिल्याच फोनवर सांगा. हातात ऑफर लेटर आल्याशिवाय राजीनामा नको, ४२ हजारांचा हप्ता कुणासाठी थांबत नाही.

मुलाखतीत तीन गोष्टी विचारा: ही जागा का रिकामी झाली, या जागेवरच्या माणसानं मागच्या महिन्यात नेमकं काय केलं, आणि पहिल्या ९० दिवसांत माझ्याकडून काय हवंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तुम्ही पुन्हा अशाच खुर्चीवर जाऊन बसणार आहात. उलट "रात्री नऊपर्यंत थांबावं लागतं" असं सहज बोलून गेले तर डोंबिवलीची लोकल धरून घरी पोचायला किती वाजतील ते मोजा. कंटाळ्यातून पळालेली माणसं घाईनं तिथे अडकतात.

आईचं राहिलं. त्यांना वाटतंय की पोर भरलं ताट सरकवतंय. त्यांच्या पिढीनं पगार वेळेवर न होण्याचे दिवस पाहिलेत, त्यांची भीती खरी आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. वहीतलं कोरड्या दिवसाचं ते पान दाखवा आणि विचारा, "आई, तू दिवसभर अशी बसून राहिली असतीस का?" मग हप्त्याचा आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. दहा महिने तुम्ही कुठेही जात नाही आहात हे ऐकलं की त्यांचा अर्धा जीव खाली येईल, आणि तेवढा वेळ तुम्हालाही लागणारच आहे.