रिव्ह्यूमधले स्टाइलचे वाद मिटवायचे कसे?

प्रश्न : नमस्कार ताई, मी टेक्निकल रायटर्सच्या, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणाऱ्यांच्या, टीमची लीड आहे. सगळे छान लिहितात पण रिव्ह्यू आला की भांडण ठरलेलं, एक म्हणतो बटणासाठी ‘क्लिक’ लिहा, दुसरी म्हणते ‘सिलेक्ट’च हवं, आणि हेडिंगमधल्या कॅपिटल अक्षरांवर तर मागची अख्खी मीटिंग गेली. मतदान घेऊन बघितलं, तरी ज्यांचं ऐकलं गेलं नाही ते पुढच्या वेळी तोच विषय काढतात. काय करू?

उत्तर : मतदान आधी बंद करा. मतं मोजून कुणालाच कारण कळत नाही, म्हणून तर तो विषय परत परत वर येतो.

त्यापेक्षा एखादं तयार स्टाइल गाइड, म्हणजे कसं लिहायचं याची नियमावली, आधाराला घ्या. गूगलचं डेव्हलपर डॉक्युमेंटेशनचं गाइड 2017 पासून सगळ्यांना खुलं आहे, मायक्रोसॉफ्टचंही ऑनलाइन फुकट वाचता येतं. हेडिंगचा वाद तर तिथेच संपला, दोन्हीकडे पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं एवढंच कॅपिटल. क्लिक-सिलेक्टवर मात्र दोघांचं जमत नाही, मायक्रोसॉफ्ट ‘सिलेक्ट’ म्हणतं कारण माउस, टच, कीबोर्ड सगळ्याला ते चालतं, गूगल म्हणतं डेस्कटॉपला ‘क्लिक’ आणि टचस्क्रीनला ‘टॅप’. पण वाचकाला बटण दोन्हीकडे सापडतंच ना? मग जे गाइड घेतलंय त्यातलं उचला आणि पुढे चला, असल्या गोष्टीवर तासभर घालवू नका प्लीज.

वेळ घालवायचाच तर वाचक जिथे खरंच फसेल तिथे घालवा. लायसन्स 03/04/2025 ला संपेल असं लिहिलंत तर अमेरिकेतला वाचक 4 मार्च समजणार आणि युरोपातला 3 एप्रिल, म्हणजे एकाचं काम महिनाभर आधीच अडकल्यासारखं. म्हणून महिना अक्षरात लिहा नाहीतर आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ष-महिना-दिवस, म्हणजे 2025-04-03. तसंच ‘बॅकअप घ्यावा’ हे वाक्य बघा, घ्यायलाच हवा की घेतला तर बरं? इंटरनेटची स्टँडर्ड्स लिहिणाऱ्यांनाही हा घोळ नको होता, 1997 च्या आरएफसी 2119 या त्यांच्या दस्तऐवजात ‘मस्ट’ (करायलाच हवं), ‘शुड’ (केलेलं बरं), ‘मे’ (केलं तरी चालेल) यांचे अर्थ पक्के करून ठेवलेत. तुमच्या टीमनेही सक्ती कशी लिहायची आणि सल्ला कसा लिहायचा हे ठरवायलाच हवं, कारण इथे चूक झाली तर कुणाचा तरी डेटा जातो.

आता शेवटचा शब्द कुणाचा? एकाच माणसाचा, आणि तुम्ही लीड आहात तर तुमचाच. सगळ्यांचं ऐकून घ्या पण चर्चेला मुदत ठेवा, आणि निर्णय झाला की एका शेअर्ड फाइलमध्ये काय ठरलं, का ठरलं, कधी ठरलं हे टाका. त्यातलं ‘का’ अजिबात गाळू नका, नवीन माणूस आला की तोच प्रश्न विचारतो. आधाराच्या गाइडमध्ये जे आहे ते परत लिहायची गरज नाही, फक्त तुमचे अपवाद लिहा. विषय परत उघडायचा तर नवीन कारण हवं, म्हणजे सपोर्टकडे तक्रारी आल्या, प्रॉडक्टचा स्क्रीन बदलला वगैरे, ‘मला आवडत नाही’ हे कारण नाही.

जे नियम मशीनला तपासता येतात ते व्हेल (Vale) सारख्या, लिखाण तपासणाऱ्या ओपन सोर्स टूलला द्या. चूक टूलने दाखवली की माणसं एकमेकांवर चिडत नाहीत, हा फरक खूप मोठा आहे. आणि जुनी डॉक्युमेंट्स सगळी एकदम बदलायला बसू नका, ज्या पानाला कामासाठी हात लागेल ते तेव्हा नव्या नियमात आणा, फक्त तारखा आणि सक्तीची वाक्यं तेवढी आधी उरकून घ्या.