पहिलं शिखर टेलिस्कोप पीकच कर

कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनी या उंच शिखराची घाई नको, आधी तिथल्याच डेथ व्हॅली या वाळवंटी खोऱ्यालगतचं टेलिस्कोप पीक कर. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली आणि हे शिखर 3,300 मीटरच्या वर. खाली अंग भाजत असताना वर जाकीट लागतं. चढाई जिथून सुरू होते त्या महोगनी फ्लॅटपासूनच्या वाटेवर पाणी नाही. चार लिटर तरी पाठीवर घे आणि निम्मं संपलं की, शिखर कितीही जवळ दिसो, मागे फिर. कोरड्या हवेत घाम अंगावरच वाळतो, किती पाणी गेलं ते कळतच नाही. म्हणून घोट घोट पीत राहा, सोबत खारं खा. डोकं ठणकायला लागलं तर गोळी घेऊन चढू नकोस, सरळ खाली उतर. व्हिटनी 4,421 मीटर आहे. त्याचा परवाना मात्र आधीच काढून ठेव.